खबर देणारा

संत्र्याचं झाड संत्र्याच्या मुळावर उभं राहत नाही, हे शेंदूरजनाघाटात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खाली खुंट असतो जंभेरीचा, खडबडीत रानटी लिंबाचा. त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चिरेत जातिवंत संत्र्याचा एक डोळा बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची आणि एकवीस दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. बाविसाव्या दिवशी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला की झाड आपलं. मग जंभेरीचा शेंडा छाटून टाकतात, आणि दुसऱ्याच्या मुळावर संत्रं वाढायला लागतं. गजेंद्रनं चौदाव्या वर्षापासून असे किती डोळे बांधले असतील देव जाणे, पण हात असा बसला होता की शंभरातले पंचाण्णव जीव धरत. नर्सरीवाला गजूभाऊ म्हटलं की पार वरूडपर्यंत लोक मान डोलवायचे.

माणसांच्या झाडाशी मात्र त्याचा कधी संबंध आला नव्हता. आजा पुंजाराम, बाप श्याम आणि आपण, एवढंच त्याचं घराणं. त्याच्या वर कोण होतं, काय करत होतं, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. कामाच्या माणसाला पणज्याची आठवण काढायला सवड असते कुठं? गरज पडली ती पोरीपायी. आकांक्षा, एकुलती एक लेक, तिचा अकोल्याला डॉक्टरकीला नंबर लागला. अख्ख्या माळीपुऱ्यात पेढे वाटून झाले, त्याच्या बायकोनं, आरतीनं, गजानन महाराजांना नारळ फोडला, आणि मग कळलं की प्रवेश अजून कच्चाच आहे. जातीचा दाखला होता. त्याची पडताळणी व्हायची होती. अमरावतीच्या समितीपुढे वंशावळ मांडायची, एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा माळी असल्याचा कागद जोडायचा, आणि दहा जानेवारीच्या आत प्रमाणपत्र कॉलेजात नेऊन द्यायचं. नाही दिलं तर जागा दुसऱ्याची.

वरूडच्या कचेरीसमोर शालिकराम नावाचा एक इसम टेबल टाकून बसायचा आणि लोकांच्या फायली लावून द्यायचा. गालात सुपारी, कानावर पेन, आणि समोरच्याच्या सात पिढ्यांबद्दल त्या माणसापेक्षा जास्त माहिती असल्याचा थाट.

"भाऊ, झाड सरळ पाह्यजे," त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. "वरून खाली पाहा का खालून वर पाहा, एकच दिसलं पाह्यजे. एक फांदी इकडची तिकडं झाली का आक्षेप आलाच समजा."

"आमचं झाड सरयच हाये," गजेंद्र म्हणाला. "एका बापाले एक पोरगा. फांद्या हायेच कोठी?"

कचेरीच्या जुन्या दप्तरातून कोतवाल बुकाचे उतारे निघायला तीन हेलपाटे पडले. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममरणाची वही. कोण जन्मलं, कोण मेलं, जात कोणती आणि खबर कुणी दिली, एवढं एकेका ओळीत. तिसऱ्या खेपेला तीन ओळी हाती लागल्या. एकोणीसशे एकोणीस, उकंडा, तापानं मयत. एकोणीसशे त्रेचाळीस, गोंदू वल्द उकंडा, म्हणजे उकंडाचा मुलगा, मयत. एकोणीसशे अडुसष्ट, पुंजाराम वल्द गोंदू, मयत. तिन्हींसमोर जात माळी, स्वच्छ अक्षरात. ज्या माणसांचं नावही कालपर्यंत माहीत नव्हतं त्यांनी पोरीसाठी एवढं करून ठेवलं म्हणून गजेंद्रला भरून आलं. त्यानं त्या झेरॉक्सला चक्क हात जोडले.

मग बाहेर चहा पिताना त्यानं त्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या. उकंडाच्या ओळीत शेवटी होतं, खबर देणारा : सहदेव, मुलगा. असेल, गोंदूचा भाऊ असेल. गोंदूच्या ओळीत शेवटी होतं, खबर देणारा : सहदेव, मुलगा. काकाचं नाव पुतण्याला ठेवलं असेल, तशी रीतच आहे. पण पुंजारामाच्या ओळीतही तेच होतं, आणि पुंजारामाला मुलगा एकच होता. तो श्याम, गजेंद्रचा सख्खा बाप. हे तरी त्याला कुणी वहीतून शिकवायची गरज नव्हती.

शालिकरामनं तो कागद नाकाजवळ धरला, सुपारी या गालातून त्या गालात नेली. "लेहणाऱ्याची चूक असन. जुने कोतवाल काय तं, अर्धे निरक्षर अन् अर्धे नशेत. जात माळी लेहली ना? मंग झालं तं. खबर देणाऱ्याले कोन इचारते?"

विचारलं मात्र खबर देणाऱ्यालाच. फाइलला श्यामच्या मृत्यूचा दाखला जोडायचा होता आणि समितीला मूळ नोंदीची नक्कल हवी होती, म्हणून गजेंद्र नगरपरिषदेत गेला. बापाची खबर तर त्यानंच दिली होती, दोन हजार अकरा साली, याच टेबलासमोर उभं राहून. बाप गेला बारा डिसेंबरला, पहाटे, झोपेतच. डोळ्यांतलं पाणी पुसत त्यानं अर्ज भरला, हे त्याला काल घडल्यासारखं आठवत होतं.

टेबलामागच्या कारकून बाईंनी गठ्ठा काढला, पानं उलटली आणि अर्ज त्याच्यासमोर सरकवला. खबर देणाऱ्याचे नाव, सहदेव श्याम. मयताशी नाते, मुलगा. खाली तारीख, अकरा डिसेंबर. आणि सही.

"बाई, हे चुकलं हाये," गजेंद्र म्हणाला. "खबर मी देल्ली होती. अन् तारीख बाराची पाह्यजे."

"अर्ज कोणी भरला?"

"मीनंच."

"अक्षर कोणाचं आहे?"

गजेंद्रनं वाकून पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून गोल करवून घेतलेलं, थोडं डावीकडे झुकणारं. सहीसुद्धा त्याच्याच हातची, शेवटी खाली ओढलेल्या रेघेसकट. फक्त नाव दुसऱ्याचं. "माहंच," तो म्हणाला.

"मग?" बाई म्हणाल्या, आणि नकलेवर शिक्का मारून मोकळ्या झाल्या.

घरी येऊन त्यानं सगळे झेरॉक्स देवघरासमोर ओळीनं मांडले. इतके दिवस तो जातीचाच रकाना बघत होता. तारखांकडे कोण बघतो? आता बघितल्या. मरणाची तारीख एका रकान्यात, खबर मिळाल्याची दुसऱ्यात. चारही ठिकाणी खबर एक दिवस आधीची होती.

आरतीला त्यानं काही सांगितलं नाही. तिला सांगणं म्हणजे सकाळपर्यंत चार भगत आणि दोन नवस. ती बिचारी आधीच दिवस मोजत होती, आणि त्यात तिचंही काही चुकत नव्हतं. शिवाय आठवड्यातच समितीचं पत्र आलं, आणि झालं ते असं की शालिकरामच्या गालातली सुपारी पहिल्यांदाच थांबली. वडिलांच्या मृत्यूनोंदीत सहदेव नावाच्या मुलाचा उल्लेख आहे. वंशावळीत सदर व्यक्ती दाखवलेली नाही. पंधरा दिवसांत खुलासा करावा.

"खुलासा काय करू?" गजेंद्रनं विचारलं. "नाहीच तं दाखवू कोठून?"

"घरातलं कोनी म्हातारं हाये का? त्याले विचारून पाहा."

म्हातारं म्हणजे एकच माणूस उरलं होतं. बापाची धाकटी बहीण, पार्वताबाई, तेल्हाऱ्याला दिलेली. गजेंद्र जाताना अकोल्याला उतरला. आकांक्षा होस्टेलच्या फाटकाशी पांढरा कोट घालूनच आली, मुद्दाम, बापाला दाखवायला. पिशवीतलं संत्रं तिथंच सोलून खात म्हणाली, "बाबा, सगळ्यांचं आलं. आमच्या बॅचमधे माझं एकटीचंच राहिलंय. सर रोज विचारतात." मग बापाचा चेहरा पाहून हसली, "येईल हो. नाही आलं तर तुमच्यासोबत डोळे बांधीन. माझा हात तुमच्यापेक्षा हलका आहे."

"हात मोडीन," तो म्हणाला, "कलमाले लावशीन तं." आणि तिनं पाठ फिरवल्यावर फाटकाच्या गजाला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. या पोरीचं हे जायला नको, बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं तो अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पार्वताबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. भाच्याला बघून सूप बाजूला टाकलं. "अगा माय, गजू! आज कसा काय रस्ता चुकला?" चहा झाला, पोरीची चौकशी झाली, गुडघ्यांची रड झाली. मग त्यानं कागद काढले. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं एकेक ओळ वाचून दाखवली. सहदेव हे नाव आलं तसा तिचा हात तुरीत थांबला.

"हे नाव कागदावर हाये?"

"चार खेपा हाये, आत्याबाई. कोन होय हा?"

"कोनी नोहोय," ती म्हणाली. "नुसतं नाव होय. आपल्या घरी मेल्याची खबर द्याले जो जाते, तो सोताचं नाव सांगत नाई. सहदेव सांगते. खबर देणाऱ्याचं नाव तिकडच्याले माईत होऊ देऊ नाई, मनून."

"पन सहदेवच काहून?"

"पांडवायतला सहदेव. त्याले समदं पयलेच माईत राहे. पन कोनी विचारल्याबिगर सांगे नाई."

गजेंद्र हसायलाच लागला. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरलो आणि निघालं काय, तर घरची रीत! प्रत्येक घरात एकेक अशी असतेच. कुणी अमावस्येला केस कापत नाही, कुणी शनिवारी तेल आणत नाही. तो हसता हसता म्हणाला, "पन मले तं हे आजच कयलं. बाबा गेले तवा मले कोनीच सांगतलं नोतं."

"शाम्यानं सांगतलं असन."

"नाई."

"मंग तू कसं लेहलं?"

गजेंद्रनं अर्जाची नक्कल पुन्हा उचलली. म्हातारीनं सूप परत मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. तारखांचं विचारावं की नाही असं त्याला झालं, आणि त्यानं विचारलं.

पार्वताबाईनं सूप खाली ठेवलं. "मी बारा वर्साची होती," ती म्हणाली. "आमचे बाबा, तुहा आजा, सोप्यात बसून झेंडूचे हार करून राहिले होते. चांगले धडधाकट. शाम्या बाहेरून आला. बाबानं मान वर नाई केली. नुसतं मनलं, 'झालं का काम?' शाम्या मने, 'झालं.' अन् दुसऱ्या दिवशी दिवस निंघाच्या आंधी बाबा गेले. मले वाटे, हाराचंच काम असन. मंग लय वर्सानं एकदा शाम्याले विचारलं, तं तो मने, बाई, मी त्या दिवशी घराबाहेर गेलोच नोतो."

"मंग गेलं कोन?"

"मीनं पुढं नाई विचारलं," ती म्हणाली. "पयले खबर जाते, मंग मानूस. आमच्या आजीचं बोलनं होतं हे."

निघताना तिनं त्याचा हात धरला. तिचा हात तुरीच्या धुळीनं खरखरीत झाला होता. "गजू, हे नाव खुंटीवरच्या सदऱ्यासारखं हाये. ज्याले जा लागते तो घालते, आला का टांगून ठेवते. त्याले कोनाच्या आंगावर शिवू नोको. तुले पोरगा नाई हे एका परीनं बरंच झालं, तुह्यापाशी हे नाव थांबते."

"मंग माही खबर कोन नेईन?" तो गमतीनं म्हणाला. "आकांक्षाच ना?"

म्हातारी हसली नाही. "तिले हे नाव सांगू नोको," एवढंच म्हणाली.

अकोटच्या पुढे एसटी डुलत चालली होती, खिडकीतून कापसाच्या पळाट्यांचे ढीग मागे जात होते, आणि तेव्हा त्याला ते आठवलं. अकरा डिसेंबर, दोन हजार अकरा. कलमाच्या पट्ट्या संपल्या म्हणून तो दुपारी बाजारात गेला होता. परत आला तर बाप बाजेवर बसून जंभेरीचं बी निवडत होता. त्यानं मान वर केली नाही. विचारलं, झालं का काम? गजेंद्र म्हणाला, झालं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ते बोलणं पट्ट्यांचं होतं. पण पट्ट्या त्या दिवशी त्यानं आणल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी बाप गेला तेव्हा बांधायचे राहिलेले डोळे वाळून गेले होते, आणि त्यावरून आरती किती तरी दिवस हळहळत होती. मग बाजारात जाऊन केलं काय? रस्ता आठवत होता, परतल्यावरचं अंगण आठवत होतं. मधलं काही नव्हतंच.

शालिकरामला त्यानं फक्त रिवाजाचं सांगितलं, बाकीचं पोटात ठेवलं. शालिकरामनं कपाळाला हात लावला.

"भाऊ, हे तिथं सांगसान तं साहेब हसन. अन् हसून झालं का फाइल चौकशीले धाडन. मंग सहा मह्यने पाहा नोको. तुमच्यापाशी दिवस किती हायेत?"

"एकवीस."

"मंग सरय काम करा. सहदेवाले झाडात घेऊन टाका. श्यामरावले पोरं दोन. गजेंद्र अन् सहदेव. सहदेवाचं लगन नाई, लेकरू नाई. फांदी तिथंच बंद. झालं झाड सरय."

"पन असा मानूसच नाई."

"कागदावर तं हाये ना? तुमच्याच हातानं लेहला हाये."

गजेंद्रनं वंशावळीचा कागद जवळ ओढला. खरं सांगायचं तर त्याला म्हातारीचा खरखरीत हात आठवत होता. पण तिच्या हाताशेजारी पांढरा कोट घातलेली, फाटकाशी संत्रं सोलणारी पोरगीही उभी होती, आणि त्या दोघींत कुणाचं ऐकायचं हा काही प्रश्न नव्हता. असा कोणता बाप आहे, ज्याला हा प्रश्न पडेल? शिवाय मनात एक कोपरा असाही होता, आणि तो त्यानं स्वतःलाही धड दाखवला नाही, की भाऊ असला तर बरंच की. उद्या आपलं काही झालं तर पोरीला त्या टेबलासमोर उभं राहायला नको.

"मयत लेहू का?" त्यानं विचारलं.

"अबब! मयत लेहलं तं मृत्यूचा दाखला लागते," शालिकराम पेन उघडत म्हणाला. "हयात लेहा. हयात मानसाचा पुरावा कोनी मांगत नाई."

प्रतिज्ञापत्रावर गजेंद्रनं सही केली. वंशावळीत श्यामच्या खाली दोन रेघा निघाल्या. एकीखाली त्याचं नाव, दुसरीखाली सहदेव, हयात. वरील माहिती खरी व बरोबर असून कोणतीही व्यक्ती वगळलेली नाही. त्याच दिवशी दुपारी घरी येऊन त्यानं हंगामातला शेवटचा वाफा बांधायला घेतला. साल चिरताना, डोळा आत सरकवताना, पट्टी ओढून घेताना हात नेहमीसारखा चालत होता, पण एकदा तो मधेच थांबला. जंभेरीला काय वाटत असेल, हा विचार तीस वर्षांत त्याच्या मनात पहिल्यांदा आला. स्वतःलाच येड्यात काढून त्यानं वाफा पुरा केला.

बारा दिवस गेले. एका दुपारी जेवायला बसला तर आरतीनं तीन ताटं वाढली होती. "पोरगी घरी नाई, अन् तुह्या हाताची सवय जात नाई," तो म्हणाला. आरतीनं ताटाकडे पाहिलं, ओशाळली, उचलून आत नेलं. पण गजेंद्रनं बघितलं होतं. ते आकांक्षाचं ताट नव्हतं. ते उंच काठाचं पितळी ताट होतं, बाप गेल्यापासून माळ्यावर पडलेलं. कधी काढलंस, असं त्यानं विचारलं नाही. कधी घासलंस, असंही विचारलं नाही, आणि ते तर लखलखीत होतं.

सहा जानेवारीला प्रमाणपत्र आलं. शालिकरामचा फोन आला तेव्हा गजेंद्र वाफ्यातच होता. तो मातीतच बसला आणि लहान मुलासारखा रडला. आरतीनं सगळ्या माळीपुऱ्याला दुसऱ्यांदा पेढे वाटले. आठ तारखेला तो स्वतः अकोल्याला जाऊन कागद कॉलेजात देऊन आला, त्यावर पोचेचा शिक्का मारून घेतला, आणि आकांक्षानं सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हात टाकले. आता पोरगी डॉक्टर होणार होती. ही जागा कुणाच्या बापाला हलवता येणार नव्हती.

बाविसाव्या दिवशी सकाळी त्यानं पट्ट्या सोडायला घेतल्या. पहिला डोळा हिरवा. दुसरा हिरवा. वाफ्याच्या शेवटी पोचला तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, आणि एकही डोळा वाळलेला निघाला नव्हता. शंभरातले शंभर. त्याच्या हातानं असं कधी झालं नव्हतं. त्याच्या बापाच्याही हातानं कधी झालं नव्हतं. आरतीला हाक मारून दाखवावं म्हणून तो उठला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आकांक्षाचा होता.

"बाबा, तुम्ही मला कधी सांगितलंच नाही!" ती हसतच होती.

"काय वं?"

"मला काका आहेत म्हणून. सहदेवकाका. इथं मेसच्या बाहेर बाकावर बसलेत. मी ओळखलंच त्यांना, बाबा, इतके तुमच्यासारखे दिसतात. नाव विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं."

गजेंद्रच्या हातातली पट्टी खाली पडली. पोरीपर्यंत गेला. आपण त्याला अंग दिलं, नाव दिलं, हयात लिहून दिलं, आणि तो थेट पोरीपर्यंत गेला. त्यानं आवाज होता तसाच ठेवला. "अखीन काय काय विचारलं तू त्याले?"

"काही नाही हो. जेवलात का विचारलं, तर हो म्हणाले. विचारल्याशिवाय बोलतच नाहीत, अगदी तुम्ही पाहुण्यांत बसता तसे. मग विचारलं, आज अचानक कसे आलात? तर म्हणाले, सकाळी शेंदूरजनाघाटलाच होतो. नगरपरिषदेत थोडं काम होतं, ते करून तुला बघायला आलो."

वाफ्यात वारा नव्हता. शंभर हिरवे डोळे ओळीनं उभे होते. उठ तिथून, त्याला काही विचारू नको, खोलीत जा आणि दार लाव, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं, एकेक शब्द तयार होता. त्यानं तोंड उघडलं, आणि स्वतःचाच आवाज त्याला ऐकू आला. शांत, जरा कामात असलेल्या माणसाचा.

"झालं का काम?"

विचारून झाल्यावर त्याला उमगलं की हे विचारलं ते आपण. पोरीनं नाही, आपण. जसं आज्यानं विचारलं होतं, बापानं विचारलं होतं, जाण्याच्या आदल्या दिवशी. आणि काय सांगावं, फाटकाच्या गजाला धरलं होतं त्या दिवसापासून त्याच्या छातीवर जे बसलं होतं ते एकदम उतरलं. तो वाफ्याच्या बांधावर अलगद बसला आणि जवळच्या कलमाचा डोळा त्यानं बोटानं हळूच पुसला.

पलीकडे आकांक्षानं कुणाला तरी विचारलेलं अस्पष्ट ऐकू आलं.

"हो," ती परत फोनवर येऊन म्हणाली. "झालं म्हणतात, बाबा."